लॅपटॉपमधली पावरी

वैशाखातल्या वरातीत, साक्री-पिंपळनेरच्या रस्त्यावर, पावरीचा सूर लांबूनच ओळखू येतो. जवळ गेलं की मात्र पावरी कुठे दिसत नाही. गाडीवर भोंगे रचलेले असतात, जनरेटर धडधडत असतो आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक जण उभ्याने ऑर्गन वाजवत असतो. (आपल्याकडे कीबोर्डला अजून ऑर्गन किंवा कॅसिओच म्हणतात, मग तो यामाहाचा असो की रोलँडचा.) शेजारी ऑक्टोपॅडवर दुसरा. सूर भोपळ्याचा, पण भोपळा नाही. नाचणाऱ्यांचं त्यावाचून काही अडत नाही, पाय बरोबर पडत असतात.

मूळची पावरी फुंकून वाजवायची. भोपळ्याच्या पोकळीत बांबूच्या नळ्या, नळीत थरथरणारी पत्ती आणि पुढच्या टोकाला भोंगा. पश्चिम खान्देशातले आणि शेजारच्या बागलाणातले कोकणा, भिल्ल मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरीवर रात्र रात्र नाचतात. वाजवणारा गालात हवा साठवतो, नाकाने श्वास घेत राहतो आणि सूर तुटू देत नाही. हा न तुटणारा सूर ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

गेल्या काही वर्षांत या ऑर्गनवाल्यांच्या मागची पिढी लॅपटॉपवर आली आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर, कुठेही जा. घराच्या एका खोलीत जाड पडदे लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत अहिराणी गाण्याचं म्युझिक करत बसलेला एखादा पोरगा सापडेलच. सचिन कुमावत यांच्या अहिराणी व्हिडिओंनी आणि अण्णा सुरवाडे यांच्या, केसांवर फुगे देणाऱ्या बबल्याच्या गाण्याने या पोरांना एक गोष्ट पटवून दिली. मुंबई न गाठताही गाणं गावोगाव जातं. मागणीचे हंगामही ठरलेले आहेत. अखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया), लग्नसराई, श्रावणातला कानबाईचा उत्सव, मग नवरात्र.

अडचणीही ठरलेल्या. कुठला सिंथ (म्हणजे सिंथेसायझर) टाकू? टाकला, पण वाजत का नाही? वाजतो, तर करकर का होते? हे प्रश्न मला सारखे ऐकू येतात आणि त्यांची उत्तरं बहुतेक वेळा दुसरा कुणी गोंधळलेलाच देत असतो. माझं म्हणणं सरळ आहे. खान्देशातल्या नवशिक्याने एकच सिंथ घ्यावा, फुकटातला घ्यावा आणि त्यावर आपल्या मुलखाचा एक तरी सूर शून्यापासून उभा करावा. ढीगभर तयार टोन बर्लिनहून, लॉस एंजेलिसहून येतील. पावरीचा टोन तिथून कुणी पाठवणार नाही.

यंत्राने भोपळ्याची नक्कल करण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९५४ साली ‘नागिन’ आला. संगीत हेमंतकुमार यांचं. त्यातल्या बीनवर देश डोलला आणि ती बीन कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच तंत्रज्ञाने १९४७ च्या सुमारास तयार केलेलं हे वाद्य व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचं आणि एका वेळी एकच सूर द्यायचं. गारुड्याची बीन आणि डोंगरातली पावरी एकाच कुळातली. भोपळा, नळ्या, पत्ती, सगळं तेच. एका वेळी एकच सूर ही क्लॅव्हिओलिनची उणीव म्हणावी, तर बीनसाठी तीच कामी आली, कारण बीनवरची धूनही एकेरीच चालते. आजही वरातीत कुणी रुमाल तोंडात धरून जमिनीवर लोळू लागला की बँड तीच धून काढतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका सिंथचा टोन आपल्या लग्नांत असा मुरलेला आहे.

दुसरं उदाहरण चरणजित सिंग यांचं. मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड निघाली. यंत्रं तीन, तिन्ही रोलँडची. ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातलं ३०३ गिटारवाल्यांना सराव करताना बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. सिंग यांनी त्याच्या स्लाइडमधून रागातली मींड काढली. शिकागोतल्या पोरांनी याच ३०३ मधून अ‍ॅसिड हाउस काढलं ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी. रेकॉर्ड त्या वेळी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा छापली गेली तेव्हा जगभरच्या संगीतकारांनी कान टवकारले. तीनच यंत्रं, पण त्यांतली खुंटी न् खुंटी माहीत असलेला माणूस. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आज ती सगळी यंत्रं सॉफ्टवेअर झाली आहेत. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी ही पद्धत आणली. तिच्यामुळे एका कंपनीच्या सॉफ्टवेअरात दुसऱ्याने लिहिलेला इफेक्ट बसू लागला आणि १९९९ पासून त्यात वाद्यंही बसू लागली. बेल्जियमच्या इमेज-लाइनचं फ्रूटीलूप्स त्याच काळातलं. आता त्याला एफएल स्टुडिओ म्हणतात आणि मी पाहतो त्या बहुतेक खोल्यांमध्ये तेच उघडलेलं असतं.

उघडलेलं असतं ते बहुतेक वेळा क्रॅक. पेनड्राइव्हवरून आलेलं, मित्राच्या मित्राने दिलेलं. यात नैतिकतेचा प्रश्न आहेच, पण आधी धंद्याचा प्रश्न पाहू. क्रॅक बसवताना पहिली सूचना असते अँटिव्हायरस बंद करण्याची. म्हणजे ज्या लॅपटॉपवर आपली गाणी, गिऱ्हाइकांचे आवाज, बापाचं बँक खातं आहे, त्याचं दार आपण स्वतः उघडून देतो. शिवाय क्रॅक सिंथ मधूनच बंद पडला तर कुणाकडे जाणार? कानबाईच्या आदल्या रात्री फाइल उघडेना म्हणून डोक्याला हात लावून बसलेली पोरं मी पाहिली आहेत. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती अधिकृतपणे फुकट मिळते. तिच्यात सगळं चालतं, गाणं बाहेरही काढता येतं. जतन केलेला प्रोजेक्ट मात्र पुन्हा उघडत नाही. ही अट जाचत असेल तर रीपर घ्यावं, साठ दिवस वापरून पाहावं आणि मग साठ डॉलरांचा परवाना घ्यावा. एका लग्नाच्या सुपारीत तो निघतो. एलएमएमएस तर पूर्ण फुकट आहे.

आता सिंथ. पंधरा-वीस सिंथ भरून ठेवलेला लॅपटॉप मला काळजीत टाकतो, कारण त्या प्रत्येकात फक्त पहिले दहा टोन ऐकलेले असतात. हे टाळायचं तर आधी यंत्र बघावं. लॅपटॉप जुना असेल, चार जीबी रॅमचा असेल, तर टॅल-नॉइजमेकर घ्यावा किंवा इचिरो तोडा या जपानी गृहस्थांचा सिंथ-वन. दोन्ही फुकट, दोन्ही हलके. सिंथ-वन नॉर्ड लीड-२ या लाल रंगाच्या गाजलेल्या वाद्यावर बेतलेला आहे आणि कमी ताकदीच्या यंत्रावरही दमत नाही. एफएल स्टुडिओ असेल तर त्यातला थ्री-एक्स-ऑस्क आधी नीट शिकावा. तीन लहरी आणि त्यांच्या खुंट्या, इतकाच त्याचा पसारा. शिकायला याहून स्वच्छ पाटी मिळायची नाही.

लॅपटॉप बरा असेल तर माझं मत व्हायटलला. मॅट टायटेल या तरुणाने नोव्हेंबर २०२० मध्ये तो आणला. त्याच्या फुकट आवृत्तीत इंजिन तेच आहे जे पैसे देणाऱ्याला मिळतं, फक्त तयार टोन कमी, पंच्याहत्तर. शिकणाऱ्यासाठी मी हे कमी टोन वरदान समजतो. व्हायटलची खरी जमेची बाजू अशी की आत जे घडतं ते पडद्यावर हलताना दिसतं. लहर बदलली की चित्र बदलतं, फिल्टर फिरला की रेष वाकते. मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी माहितीपुस्तक वाचायचा कंटाळा असलेल्या पोराला डोळ्यांनी शिकता येतं. एक अडचण आहे. त्याचा पडदा ओपनजीएलवर रंगतो आणि फार जुन्या ग्राफिक चिपवर नुसती काळी खिडकी उघडते. तसं झालं तर ग्राफिकचा ड्रायव्हर नवा करून पाहावा, तरीही काळीच राहिली तर त्या यंत्रावर व्हायटलचा नाद सोडून टॅलकडे वळावं.

सर्ज एक्सटी हा तिसरा पर्याय. क्लास योहानसन यांनी तो विकायला बनवला होता, २०१८ मध्ये त्याचा कोड जगाला खुला केला आणि स्वयंसेवकांनी तो वाढवला. दिसायला रूक्ष आहे, पण स्वरांच्या बाबतीत भलताच उदार. बारा समान भागांत न बसणारी सुरावट त्याला फाइल देऊन शिकवता येते (व्हायटललाही येते). डेक्स्ड हा यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ चा फुकट अवतार. घंटा, काच, धातू यांच्या आवाजांना उत्तम, पण पहिला सिंथ म्हणून कुणाला सुचवणार नाही, एफएमचं गणित पहिल्या महिन्यातच पोराला पळवून लावतं. सीरम, मॅसिव्ह ही मोठी नावं आहेत, चांगलीही आहेत. सीरमची किंमत मात्र मोठी आहे आणि व्हायटल फुकट मिळत असताना ती मोजण्याचं कारण नवशिक्याला नाही.

आणि ढोलकी, डफ, संबळ यांच्या मागे सिंथ घेऊन लागूच नये. गावात वाजवणारा आहे. त्याला बोलवावं, पैसे द्यावेत, आवाज मुद्रित करावा, गाण्याखाली त्याचं नाव लिहावं. मग कुणी विचारेल, पावरीवालाही आहे की! जरूर बोलवा, त्याच्याइतकं कुणालाच येणार नाही. पण बेसला पावरीचा पोत हवा, वरातीच्या गाण्यात पावरीसारखी पण तारसप्तकात भिरभिरणारी लीड हवी, तर ती सिंथमधूनच निघेल. आणि ती बनवताना सिंथ जितका कळतो तितका कुठल्याच व्हिडिओतून कळत नाही.

* * *

तर बनवू. व्हायटल उघडून मेनूतून सुरुवातीचा कोरा टोन घ्यावा. पहिला प्रश्न, लहर कुठली?

इथे थोडं भौतिकशास्त्र लागतं आणि ते गोड आहे. पत्तीच्या बाजूने बंद आणि सारख्या जाडीची नळी असली की मूळ सुराबरोबर मुख्यतः त्याची विषम पटींतली कंपनं जोरात येतात. मूळ सूर ३०० हर्ट्झ असेल तर ९००, १५००, २१०० अशी. क्लॅरिनेटचा पोकळ, लाकडी आवाज यातूनच येतो. सनई मात्र पुढे रुंद होत जाते, म्हणून तिच्यात ३००, ६००, ९००, १२०० अशा सगळ्याच पटी येतात आणि आवाज झगझगीत होतो. सिंथमधली चौकोनी लहर विषम पटींची आणि करवती लहर सगळ्या पटींची. म्हणजे सनई करायची तर करवतीपासून निघावं, पावरी करायची तर चौकोनापासून. पावरीचा भोंगा हे गणित थोडं बिघडवतो, त्यासाठी चौकोन जरासा तिरका करावा, लहरीची वरची बाजू पन्नास टक्क्यांऐवजी चाळीस-बेचाळीसवर आणावी. लगेच नाकातला एक पदर ऐकू येतो.

दुसरा ऑसिलेटर चालू करून तीच लहर द्यावी आणि पाच-सहा सेंटने सरकवावी. (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग.) दोन नळ्या तंतोतंत जुळत नाहीत, त्यांच्या सुरांत जी थरथर असते ती इथून येते. पंधरा-वीस सेंटपर्यंत गेलात तर पावरी जाऊन डिस्को येईल. युनिझनला (एकाच लहरीच्या अनेक प्रती वाजवणाऱ्या सोयीला) हात लावू नये.

मग फिल्टर. वरचं सगळं कापणारा घ्यावा, आधी पूर्ण उघडा ठेवावा आणि हळूहळू मिटत आणावा. हजार-दीड हजार हर्ट्झच्या आसपास कुठेतरी भोपळा ऐकू येतो. तिथे रेझोनन्स थोडा वाढवावा. आकडा माझ्याकडून घेऊ नये, कानाने ठरवावा. खऱ्या पावरीचं मुद्रण शेजारी लावून दोन्ही आलटून पालटून ऐकलं की दहा मिनिटांत जागा सापडते.

आता तो न तुटणारा सूर. वादक श्वासासाठी थांबत नाही, म्हणून एन्व्हलपचा (सूर कसा उठतो, टिकतो आणि विरतो ते ठरवणाऱ्या भागाचा) सस्टेन पूर्ण ठेवावा, अटॅक वीसेक मिलिसेकंद, रिलीज चाळीसेक. आवाजांची संख्या एकवर आणावी आणि लेगाटो चालू करावा. एक कळ दाबलेली असताना दुसरी दाबली की सूर नव्याने सुरू न होता नुसता सरकतो. ग्लाइड तीस-चाळीस मिलिसेकंद. हीच ती क्लॅव्हिओलिनची ‘उणीव’. नवशिक्यांचे फुंकवाद्यांचे टोन खोटे वाटतात त्याचं पहिलं कारण हेच असतं. सोळा आवाज चालू असतात आणि बोटं एकमेकांवर पडली की फुंकवाद्यातून सुरांचा पुंजका निघतो, जो फुंकणाऱ्याला सहसा काढता येत नाही.

शेवटी दोन बारीक गोष्टी. प्रत्येक फुंकीच्या सुरुवातीला सूर किंचित खालून वर येतो. दुसऱ्या एन्व्हलपने पट्टी अर्ध्या स्वराच्या निम्म्याने खाली ठेवून तीस मिलिसेकंदांत जागेवर आणावी. आणि वाऱ्याचा आवाज, म्हणजे नॉइज, अगदी कमी, चालू आहे हे कळू नये पण बंद केला तर चुकल्यासारखं वाटावं इतकाच. मींडेसाठी पिच व्हीलची मर्यादा बघून घ्यावी. बहुतेक सिंथमध्ये ती दोन अर्धस्वरांवर असते, पाच किंवा सातवर नेली की बोटाला मोकळं रान मिळतं.

झालं. हा टोन जतन करताना स्वतःचं नाव घालावं.

* * *

बिघाडांकडे वळताना पहिलं वाक्य तेच. ‘आवाजच यी नही राह्यना भाऊ.’

केळीच्या बागेत ठिबक बंद पडलं तर शेतकरी काय करतो? मोटारीपासून निघतो. मोटार, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग नळी, मग ड्रिपर. पाणी कुठपर्यंत आलं ते बघत ओळीने चालतो, बागेत मधेच घुसून नळ्या उपटत नाही. सिंथचंही हेच करावं. कळ दाबल्यावर प्रोग्रामच्या माथ्यावरचा मिडीचा दिवा लुकलुकतो का? नसेल तर प्रश्न कीबोर्डचा, केबलचा किंवा सेटिंगमधल्या परवानगीचा. टायपिंगच्या कळांवरून वाजवत असाल तर ती सोय चालू आहे का ते बघा, एफएल स्टुडिओत कंट्रोल आणि टी दाबून ती चालू-बंद होते आणि नकळत बंद झालेली असते. दिवा लागतो पण सिंथ गप्प आहे? मग चॅनल तोच निवडला आहे का, ऑसिलेटर चालू आहे का, फिल्टर मिटलेला तर नाही, अटॅक दोन-तीन सेकंदांवर तर गेला नाही. सिंथच्या आतला मीटर हलतो पण मिक्सरचा हलत नाही? मग वाट चुकली आहे. मिक्सरचाही हलतो आणि स्पीकर गप्प? मग सिंथ निर्दोष आहे, आवाज भलत्याच ठिकाणी जातो आहे, बहुधा एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीकडे. या क्रमाने गेलं की पाच मिनिटांत बिघाड हाती लागतो. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणं हा शेवटचा उपाय, आणि आमच्याकडे तो सर्रास पहिला केला जातो.

सिंथ टाकला पण यादीत दिसतच नाही, हा दुसरा हमखास प्रकार. बहुतेक वेळा सिंथ ३२ बिटचा आणि प्रोग्राम ६४ बिटचा असतो, किंवा फाइल भलत्याच फोल्डरमध्ये पडलेली असते. व्हीएसटी-३ जातीच्या सिंथसाठी विंडोजमध्ये ठरलेली जागा आहे, प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्समध्ये व्हीएसटी-३ नावाचं फोल्डर. फाइल तिथे ठेवावी आणि प्रोग्रामला पुन्हा शोध घ्यायला लावावा.

करकर ही त्याहून किचकट. तिच्यामागे बफर असतो. लॅपटॉप आवाज थेंबाथेंबाने न पाठवता पुडक्यांनी पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर ५१२ नमुन्यांचं पुडकं ११.६ मिलिसेकंदांचं, २०४८ चं ४६. पुडकं लहान ठेवलं तर कळ दाबताच वाजतं, पण तेवढ्या वेळात हिशेब पुरा झाला नाही की फट पडते आणि करकर ऐकू येते. मोठं ठेवलं तर करकर जाते पण सूर उशिरा येतो. ४६ मिलिसेकंद म्हणजे सोळा मीटरवरच्या भोंग्याचा आवाज कानापर्यंत यायला लागणारा वेळ. तेवढ्या अंतरावरून ताल धरणं अवघड जातं. म्हणून वाजवताना २५६ किंवा ५१२ आणि मिक्सिंगला बसलं की २०४८, अशी दोन वेगळी मापं ठेवावीत. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर हवाच. बाहेरचा साउंड इंटरफेस नसेल तर एफएलचा स्वतःचा किंवा एएसआयओ-फॉर-ऑल चालतो. आणि ब्लूटूथ इअरफोन लावून कधीही वाजवू नये. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, दोष मात्र सिंथला दिला जातो.

पुडकं योग्य असूनही करकर होत असेल तर आवाज मोजावेत. दोन ऑसिलेटर, प्रत्येकी सात युनिझन, चार सुरांची कॉर्ड: एका वेळी छप्पन लहरी. रिलीज लांब असेल तर पहिली कॉर्ड विरायच्या आत दुसरी येते, म्हणजे एकशेबारा. युनिझन सातवरून तीनवर आणलं तर कानाला फरक नगण्य आणि प्रोसेसरला दिलासा मोठा. ज्या ट्रॅकचं काम संपलं तो ऑडिओत उतरवून घ्यावा आणि सिंथ बंद करावा.

यात खान्देशची म्हणून एक खास भर आहे. भुसावळ-जळगावचा मे. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि नेमकी तीच लग्नसराई. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, त्यामुळे सकाळी सुरळीत वाजलेला प्रोजेक्ट दुपारी तीनला करकरतो. पोरगा सिंथ बदलतो, बफर बदलतो, विंडोज नवी टाकतो. दोष गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचा असतो. गादी खालचा वारा अडवते. लाकडी फळीवर ठेवा, मागची बाजू दोन बोटं उचला, वर्षातून एकदा आतला पंखा साफ करून प्रोसेसरवरची पेस्ट बदलून घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये हे काम करणारे आहेत. चार्जर लावलेला ठेवा, नाहीतर बॅटरी वाचवायला यंत्र आपणहून मंदावतं. मी स्वतः मे महिन्यात जड काम पहाटे करतो.

चार्जर लावला की घूं असा आवाज येतो का? मग उलटी चाचणी करावी, क्षणभर चार्जर काढावा. घूं थांबली तर सिंथ, केबल, स्पीकर सगळं ठीक आहे, भिंतीतल्या अर्थिंगकडे बघायचं. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात तारच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवावं, हा आवाजाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे.

घरातला ऑर्गन यूएसबीने जोडून मिडी कीबोर्डसारखा वापरणं ही आपल्याकडची मोठी सोय, नवीन खर्च लागत नाही. पण त्याचे तीन घोळ आहेत. ऑर्गन स्वतःही वाजतो आणि सिंथही, म्हणून सूर दुहेरी येतो. ऑर्गनचा आवाज शून्यावर न्यावा किंवा लोकल कंट्रोल बंद करावा. दुसरं, रिदम चालू राहिला तर काही मॉडेलं त्याचेही सूर दुसऱ्या चॅनलांवर पाठवतात आणि सिंथ भूत शिरल्यासारखा वाजू लागतो. तिसरं, स्वस्त मॉडेलांच्या कळांना जोर कळत नाही, हळू दाबा की जोरात, आकडा तोच जातो. अशा वेळी सगळे सूर सपाट येतात आणि पोराला वाटतं आपला टोन निर्जीव आहे. टोन चांगला असतो, जोराचे आकडे हाताने वरखाली करावे लागतात.

सुराचं राहिलं. बँडमधला क्लॅरिनेट मे महिन्यात मुद्रित केला तर तो सिंथशी भांडतो. हवा तापली की तिच्यात आवाज वेगाने धावतो, दर अंशाला सूर साधारण तीन सेंट चढतो. पंचविशीतून चाळिशीत गेलं तर नुसत्या हवेच्या हिशेबाने पंचेचाळीस सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्मा. वादकाच्या श्वासाची ऊब नळीत आधीच असते म्हणून प्रत्यक्षात चढ याहून कमी, पण कानाला बोचेल इतका. सिंथला ऊन लागत नाही, तो ४४० वरच बसतो. वादकाला बोल लावू नये. सिंथ ४४५ पर्यंत चढवून बघावा, वीसेक सेंट होतात, बहुतेक वेळा तेवढ्यात जुळतं. आणि हे गायकाला बोलवायच्या आधी करावं. गायक ‘काळी दोन’ म्हणून उभा राहिल्यावर पट्टी शोधत बसलो तर त्याचा गळाही जातो आणि मूडही.

गाणं पुरं झाल्यावरची तपासणी मात्र खोलीबाहेरच करावी लागते. हेडफोनवर ऐकून खूश झालेलं गाणं डीजेच्या गाडीवर लीडशिवाय वाजताना मी ऐकलं आहे. ढोल, बेस, गायक, सगळं होतं, फक्त पावरी नव्हती. गाडीवरच्या बऱ्याच मांडण्या मोनो असतात, डावं-उजवं एकत्र करून एकच आवाज सोडतात. सिंथचा टोन रुंद करणारे काही इफेक्ट दोन्ही बाजूंना एकमेकांच्या उलट लहरी पाठवतात. एकत्र आल्या की त्या एकमेकींना खातात आणि ज्या सुरासाठी एवढा खटाटोप केला तोच गायब होतो. मास्टरवर मोनोचं बटण असतं, मिक्स करताना अधूनमधून ते दाबावं. लीड मधोमध ठेवावी, रुंदी हवी असेल तर ती मागे वाजणाऱ्या सुरांना द्यावी. बेसला तर रुंदी नकोच.

उरले ते फोनवर ऐकणारे, म्हणजे जवळपास सगळेच. फोनच्या स्पीकरला ६९ हर्ट्झचा बेस, म्हणजे खालच्या सप्तकातली काळी एक, काढताच येत नाही. पण त्याच्या वरच्या पटी, २०८, २७७, ३४६, ऐकू आल्या की मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणून बेसला थोडं सॅच्युरेशन द्यावं, म्हणजे या पटी तयार होतात. मग फाइल साध्या फोनवर घ्यावी, धुळ्याच्या पाचकंदिलाच्या गर्दीत उभं राहून आवाज निम्म्यावर ठेवून ऐकावी. बेस कळला, बोल कळले, पावरी कळली, तर फाइल डीजेवाल्याकडे पाठवायला हरकत नाही. एमपी-३ मागितली तरी सोबत वेव्हही द्यावी.